आजचं चिंतन : तप, फुशारकी आणि आपलं हसू (गीता १७.१८–१९)



सतराव्या अध्यायात आपण तपापाशी आलो आहोत. काल सात्त्विक तप झालं. आज अठरावा आणि एकोणिसावा असे दोन श्लोक एकत्र घेतोय, कारण मला ते वेगळे काढता येत नाहीत. अठराव्यात भगवंत म्हणतात, लोकांनी सत्कार करावा, मान द्यावा, पुजावं म्हणून दिखाव्याने केलेलं तप ते राजस. ते चंचल असतं, टिकत नाही. एकोणिसाव्यात तामस तप येतं. खुळ्या हट्टाने स्वतःच्या शरीराला पीडा देऊन केलेलं, किंवा दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून केलेलं.

तप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय येतो, जटा येतात, एका पायावर उभे राहिलेले ऋषी येतात. पण पहाटे साडेपाचला उठून, नियमाने, स्वतःच्या शरीराला कष्ट देणारी माणसं आज बघायची असतील तर ती जिममध्ये आणि मैदानावर दिसतात. त्यातल्या एका मंडळींबद्दल आज लिहायचंय. रोइंगवाले. म्हणजे नौकानयनवालेच, पण यातले पुष्कळजण वर्षातले कित्येक महिने पाण्याला शिवतही नाहीत. ते वल्हवतात मशीनवर.

या मशीनला ते लोक ‘अर्ग’ म्हणतात. सरकती सीट, साखळीला जोडलेलं हँडल आणि पुढे पिंजऱ्यात एक चाक. हँडल ओढलं की चाक फिरतं आणि हवा त्याला अडवते. सगळ्यात प्रसिद्ध मशीन ‘कॉन्सेप्ट२’चं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ड्रायसिगॅकर नावाच्या दोन भावांनी आधी वल्ही बनवली आणि १९८१ पासून ही मशीन. तिची गंमत अशी की प्रत्येक ओढीनंतर चाक किती मंदावलं हे ती मोजते आणि त्यावरून तुम्ही लावलेली ताकद काढते. बाजूचा डॅम्पर १ वर ठेवा नाहीतर १० वर, हिशेब चुकत नाही. पडद्यावर ५०० मीटरला लागणारा वेळ सतत दिसत राहतो. त्याला म्हणतात स्प्लिट. देवासमोर खोटं बोलणारा माणूसही या पडद्यासमोर गप्प बसतो.

पण मशीनवरून उठलं की तोंड मोकळं!

गट कुठलाही घ्या, इंग्लंडातल्या क्लबचा किंवा पुण्यातल्या जिमचा, त्यात एक जण असा असतोच. ‘आपण महिन्याला दहा लाख मीटर मारतो.’ ‘डॅम्पर कायम दहावर, खाली मजा नाही.’ ‘दोन हजार मीटर सहा मिनिटांत होतं, पण हल्ली जोर लावत नाही.’ आणि ते होताना बघितलेलं कुणीच नसतं.

मग हिशेबी मंडळी कामाला लागतात. दहा लाख मीटर महिन्यात म्हणजे रोज ३३ किलोमीटरच्या वर. दोन मिनिटं दहा सेकंदांच्या स्प्लिटने गेलं तरी रोज जवळपास दोन तास चोवीस मिनिटं, रविवार धरून. ‘भाऊ, ऑफिसला वल्हवतच जातोस का?’ सहा मिनिटांचं तर विचारूच नका. ऑस्ट्रेलियाच्या जोश डंकली-स्मिथने २०१८ मध्ये विश्वविक्रम केला तो ५ मिनिटं ३५.८ सेकंदांचा. सात मिनिटांत दोन हजार मीटर करायला सरासरी ३०२ वॅट ताकद लागते, सहा मिनिटांत करायला ४८०. वेळ एक सप्तमांशानेच कमी, पण ताकद दीडपटीहून जास्त, कारण वेग वाढवायचा तर ताकद घनाच्या हिशेबाने वाढवावी लागते. आणि डॅम्पर दहावर ठेवणं हे सायकल कायम जड गिअरवर चालवण्यासारखं आहे. कंपनी स्वतःच ३ ते ५ च्या आसपास सुरुवात करा म्हणते. म्हणजे ज्याला तो पराक्रम समजतोय ती नवशिक्याची खूण आहे. हे कळल्यावर हसू येणारच. मलाही येतं. त्यात पाप नाही.

इथे एक शंका. समजा दावा खराच असेल तर? मग ती फुशारकी नाही का? एकोणिसाव्या शतकात कॅनडातल्या टोरांटोचा नेड हॅनलन म्हणून एक वल्हवणारा होऊन गेला. १८८० मध्ये लंडनच्या थेम्स नदीवर त्याने ऑस्ट्रेलियाच्या एडवर्ड ट्रिकेटला हरवलं आणि जगज्जेता झाला. त्या शर्यतीत पुढे निघून गेल्यावर हा मध्येच थांबायचा, गर्दीकडे बघून हात करायचा, थकून कोसळल्याचं नाटक करायचा आणि परत उठून वल्हवायचा. त्याची ताकद शंभर टक्के खरी होती. तरी मागे राहिलेल्या ट्रिकेटला त्या क्षणी काय वाटलं असेल, याचा विचार करून बघा. अठराव्या श्लोकात तप खोटं आहे असं कुठेच म्हटलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कष्ट खरे असू शकतात. प्रश्न एवढाच, की ते कुणाच्या डोळ्यांसाठी केले.

आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेलं टिकत का नाही, हे तर रोज दिसतं. पहाटे पाचला उठून एकट्याने मारलेले आठ किलोमीटर ही चांगली गोष्ट आहे. ते दुपारी सांगताना बारा होतात. आता उद्या खरे आठ मारले तरी मन म्हणतं, चार कमी पडले. म्हणजे जे कमावलं होतं तेसुद्धा त्याच्या हातात राहिलं नाही. फुशारकी मारणारा आपल्याला फसवतो त्याआधी स्वतःच्या पहाटेला फसवतो. मला त्याच्याबद्दल राग यायच्या ऐवजी वाईट वाटतं ते यासाठी.

इथवर त्याचं झालं. आता आपलं, म्हणजे हसणाऱ्यांचं.

थट्टा कशी सरकत जाते ते कधी नीट बघा. पहिले दोन विनोद दाव्यावर असतात. ३३ किलोमीटर, सहा मिनिटं, डॅम्पर. तिसरा माणसावर येतो. मग त्याचं पोट, त्याची नोकरी, त्याचं बोलणं. आणि मग कुणीतरी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतं. ‘अरे वा! मग शनिवारी सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. दहावरच ठेवू हं!’ आता तो काय करेल? नाही म्हणाला तर खोटा ठरला. हो म्हणाला तर मशीनवर बसावं लागेल.

तो बसतो. पहिले ३०० मीटर जीव तोडून ओढतो, स्प्लिट सहा मिनिटांचं दिसायला लागतं, आणि सगळ्या रोइंगवाल्यांना माहीत असलेला शेवट सुरू होतो. सहाशे-सातशे मीटरपर्यंत श्वास संपतो, पाठीला बाक येतो, हात ओढत राहतात आणि सगळा भार कमरेवर जातो. रोइंगमध्ये कंबरेचं दुखणं सगळ्यात जास्त. बरगडीला ताण पडून तिला बारीक चीर जाणं हीसुद्धा या खेळातली ओळखीची दुखापत आहे, आणि ती आठवडेच्या आठवडे घरी बसवते. तरी तो थांबत नाही, कारण बाजूला आपण उभे आहोत. मोबाइल काढून.

राजस तप कुठे संपलं आणि तामस कुठे सुरू झालं, सांगा बरं. मान मिळावा म्हणून जे सुरू केलं होतं ते आता खुळ्या हट्टाने शरीराला पीडा देणं झालं. हा झाला एकोणिसाव्या श्लोकाचा पहिला भाग. दुसरा भाग, दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून, तो कुणाकडे जातो? शास्त्रार्थ बघायचा तर तो श्लोक तप करणाऱ्या माणसाबद्दलच आहे, तप करायला भाग पाडणाऱ्यांबद्दल नाही. मी तो ताणतोय, कबूल. पण शनिवारची ती गर्दी मनातून नेमकं काय मागत असते, याचं उत्तर मला त्या श्लोकाबाहेर सापडत नाही.

एक प्रश्न स्वतःला विचारून बघण्यासारखा आहे. समजा त्या शनिवारी त्याने खरंच सहा मिनिटांत केलं! आपल्याला काय होईल? उड्या मारू, की कुठेतरी आत निराशा वाटेल? निराशा वाटणार असेल तर आपल्याला सत्य नको होतं, तो खोटा असणं हवं होतं. समर्थांनी दासबोधात दुसऱ्या दशकाच्या आरंभीच मूर्खांची लक्षणं दिली आहेत. त्यात आपलीच स्तुती करणारा आहे, हे आपल्याला लगेच आठवतं. पण दुसऱ्याच्या त्रासात सुख मानणारा आणि दुसऱ्याच्या आनंदाने दुःखी होणारा, हाही त्याच समासात आहे. बढाईखोर आणि त्याच्यावर हसणारे, दोघांना समर्थांनी एकाच पंगतीला बसवलंय.

मग काय करायचं, गप्प बसायचं? ‘साक्षीभावाने बघा’ असं म्हणणारे आपल्यात बरेच आहेत. मला ते पटत नाही. त्याच गटात नुकताच आलेला सतरा वर्षांचा मुलगा असतो. तो ऐकतो, रोज ३३ किलोमीटर, डॅम्पर दहावर, आणि सोमवारपासून तेच सुरू करतो. त्याची बरगडी कुणाच्या हिशेबात धरायची? म्हणून बोलायला हवंच. कसं, ते याच अध्यायात चार दिवसांपूर्वी येऊन गेलंय, पंधराव्या श्लोकात. समोरच्याला न डिवचणारं, खरं, गोड आणि हिताचं. चारही एकत्र. खरं आहे म्हणून डिवचायची मुभा तिथे मिळत नाही, आणि गोड हवं म्हणून खरं सोडायचीही नाही.

हे जमतं का? बोस्टनमध्ये एक जुनी स्पर्धा आहे, क्रॅश-बी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, हिवाळ्यात चार्ल्स नदीवर वल्हवता येत नाही म्हणून, तिथल्या रोइंगवाल्यांनी मशीनवरच शर्यत लावायला सुरुवात केली. त्यात देशाकडून खेळलेले लोक होते. १९८० मध्ये अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घातला, तेव्हा कित्येकांची वर्षानुवर्षांची तयारी वाया गेली होती. अशा लोकांनी स्वतःला नाव काय घेतलं? ‘चार्ल्स रिव्हर ऑल स्टार हॅज-बीन्स’. चार्ल्स नदीवरचे एकेकाळचे तारे, दिवस सरलेले. थट्टा आहेच, पण स्वतःची. तिने कुणाची कंबर मोडली नाही, उलट त्या नावाखाली पुढे जगभरातून लोक येऊन वल्हवून गेले.

आणि आपल्याकडे दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, पाण्याची टंचाई असलेल्या गावातला मुलगा. वल्हं पहिल्यांदा हातात घेतलं ते सैन्यात गेल्यावर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत आजारी असताना शेवटचा आला, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत सुवर्णपदक घेतलं. तेरावा, शेवटचा, पहिला. यातला एकही आकडा वाढवून सांगायची गरज पडत नाही.

आपल्या गटातल्या त्या माणसाकडे परत येऊ. त्याला बाजूला घेऊन, चहा पिताना, कुणी नसताना साधं विचारता येतं. ‘दादा, शेवटचं टू-के कधी केलंस? स्प्लिट किती होता?’ बहुतेक वेळा तो आधी इकडचं तिकडचं बोलतो. मग कधीतरी म्हणतो, ‘खरं सांगू? सात-चाळीस.’ सात-चाळीस म्हणजे सरासरी २३० वॅट. नोकरी, प्रवास, घर सांभाळून पहाटे उठणाऱ्या माणसासाठी हा चांगला आकडा आहे. पण तो आयुष्यात पहिल्यांदा हे खरं बोललाय, आणि आपल्या चेहऱ्याकडे बघतोय. आपल्या ओठाचा कोपरा त्या वेळी जरी हलला तरी पुढच्या आठवड्यात ते परत सहा होणार.

‘सात-चाळीस? मग डॅम्पर जरा खाली घे, चारवर. सात-पस्तीस बघू या महिन्यात.’

उद्या विसावा श्लोक, दान. परत फेडीची अपेक्षा न ठेवता देणं. तोवर राम कृष्ण हरी.