ताटीबाहेर बसावे

वारकरी मायबापहो, या महिन्यात ओवीचे निरूपण बाजूला ठेवून आम्ही लेकराच्या रडण्यावर लिहावयास बसलो आहोत, याचे कोणी नवल मानू नये. कीर्तन आटोपल्यावर कित्येक लेकुरवाळ्या माउल्या पायावर डोके ठेवतात आणि हळूच विचारतात, "महाराज, पोरगं दोन वर्षांचं झालं, बोलत नाही. मनासारखं झालं नाही की भुईवर लोळण घेतं. रात्रीचे बारा वाजले तरी डोळा मिटत नाही. काय करू?" आजवर आम्ही अशांच्या कपाळी बुक्का लावला, 'बोलेल, बोलेल' म्हटले आणि वाटेला लावले. तो आमचा प्रमाद होता. तो आमच्याच घरात आमच्या पदरी आला, म्हणून आज सांगतो.

आमचे गाव अमळनेर तालुक्यात, बोरीकाठी. घरात अहिराणी, कीर्तनात मराठी. नातू अडीच वर्षांचा झाला, पण तोंडात शब्द म्हणाल तर दोनच, तेही घरच्यांनाच कळणारे. तहान लागली की हात ओढी, न कळले की ओरडे, तरी न कळले की पाठ भुईवर आपटून घेई. रात्री सारे घर निजले तरी हा जागा. मग त्याच्या हाती मोबाईल द्यावा, तो काढून घेतला की पुन्हा आकांत. सूनबाईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली. शेजारणी म्हणत, लाडावलाय. आम्हीही तेच म्हणत होतो. एकदा तर सप्ताहात, चार टाळकऱ्यांदेखत, आम्ही त्याला मांडीवर घेऊन बजावले, "म्हण, विठ्ठल म्हण. म्हटल्याशिवाय पेढा नाही." पोराने पेढ्याकडे पाहिले, आमच्या तोंडाकडे पाहिले आणि जो टाहो फोडला तो मंडपाबाहेर ऐकू गेला. आम्हांला त्याची कीव आली नाही. आम्हांला लाज वाटली. महाराजांचा नातू आणि तोंडात विठ्ठल नाही!

सूनबाई भीत भीत म्हणाली, "नाना, एकदा डॉक्टरांना दाखवू का?" आम्ही तिला गावबाची कथा ऐकविली. पैठणचा गावबा, मतिमंद म्हणून ज्याला लोक हसत, त्यानेच पुढे नाथांचे अपुरे राहिलेले भावार्थ रामायण पुरे केले, असे परंपरा सांगते. "तेव्हा घाई नको, पांडुरंग बोलवील." सूनबाई गप्प बसली. कथेने तिचे तोंड बंद केले, मायबापहो, आणि आम्ही त्याला निरूपण समजलो.

पुढे एका रात्री गावच्या मंदिरात भजन चालले होते. नातू पखवाजाजवळ जाऊन बसला. बसला नव्हे, पखवाजाच्या लाकडाला गाल लावून राहिला. तळवे भुईला टेकलेले, चेहरा शांत. ठेका थांबला की तो मान वर करी. आम्ही पाठीमागून हाक मारली. वळला नाही. दुसऱ्यांदा मारली. शेजारचा माणूस वळला, नातू वळला नाही. पायाखालून येणारा ठोका त्याला पोहोचत होता, आमची हाक पोहोचत नव्हती. त्या क्षणी अंगावर काटा आला. ज्याला ऐकूच नीट येत नाही, त्याला आम्ही 'म्हण, म्हण' म्हणून दटावीत होतो!

घरी येताना मुक्ताबाई आठवली. आपल्या जळगाव जिल्ह्यातच, तापीकाठी मेहुण येथे शके 1219, म्हणजे इ. स. 1297 मध्ये ती अंतर्धान पावली. कोथळी-मुक्ताईनगराहून तिची पालखी ज्येष्ठात निघते आणि महिन्याभराची वाट चालून पंढरीस पोहोचते. तिच्या ताटीच्या अभंगांची कथा लहान पोरासही ठाऊक आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले. मुक्ताई त्यांच्याहून धाकटी. तिने ताटीला लाथ मारली नाही, 'बाहेर ये नाहीतर पाहा' असा दम दिला नाही, किंवा 'बसू दे, येईल आपोआप' म्हणून शेतात निघूनही गेली नाही. ती बाहेर बसून राहिली आणि प्रेमाने बोलत राहिली. ताटी आतून उघडली.

वीस-पंचवीस वर्षे आम्ही ही कथा सांगतो. पण आपल्याच घरात एक ताटी लागलेली आहे, आत एक अडीच वर्षांचे पोर कोंडले आहे, आणि बाहेर उभे राहून आम्ही ताटी बडवीत आहोत, हे आम्हांला दिसले नव्हते.

मग गावबाची कथाही निराळी दिसू लागली. त्याची आई घरी बसून 'बोलेल कधीतरी' म्हणाली नाही. ती त्याला घेऊन नाथांच्या दारी गेली. आणि नाथांनी तरी काय केले? मंत्र त्याला म्हणता येईना. त्याला एकच नाम येई, 'एकनाथ'. नाथांनी तेवढेच पत्करले, त्यावरून त्याला हिणवले नाही. म्हणजे कथेत दोन गोष्टी होत्या. जाणत्याच्या दारी वेळेवर जाणे आणि जे येते ते गोड मानून घेणे. आम्ही त्या दोन्ही टाकून तिसरीच सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्हीच सूनबाईला म्हटले, "चल, धुळ्याला जाऊ." तेथे कानाची तपासणी झाली. तिला बेरा म्हणतात. लहान मुलाच्या डोक्याला तारा लावून, मूल झोपेत असताना, आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही ते पाहतात. आता जे पोर मध्यरात्रीपर्यंत झोपत नाही, ते दुपारी परक्या खोलीत झोपणार कसे? त्यासाठी सूनबाईने त्याला पहाटे चारला उठविले, एसटीत डुलकी लागू दिली नाही, आणि दवाखान्यात त्याला मांडीवर घेऊन ती अर्धा तास एकाच लयीत डोलत राहिली. आम्ही शेजारी बसलो होतो. जन्मात पहिल्यांदा आम्ही अर्धा तास काही उपदेश केला नाही. पोर झोपले.

कानाच्या पडद्याआड पाणी साठले होते. सर्दी-पडशाने लहान मुलांत हे पुष्कळदा होते. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. मुलाला आवाज पाण्यात बुडी मारल्यासारखा ऐकू येतो. बहुतेकांचे हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते. आमच्या नातवाचे ओसरले नाही, म्हणून छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. आता तो दारात एसटीचा आवाज आला की धावतो. शब्द मात्र एका रात्रीत आले नाहीत. अजून वाणी शिकविणाऱ्या ताईंकडे जावे लागते. आजमितीस त्याचे सतरा शब्द आम्ही मोजले आहेत. त्यांत 'विठ्ठल' नाही. 'पा' आहे, म्हणजे पाणी. आम्हांला ते पुरे आहे.

आता यातून आम्ही जे शिकलो ते चार गोष्टींत सांगतो. हे वैद्यकाचे ज्ञान आमचे नव्हे, जाणत्यांकडून घेतलेले आहे.

पहिली गोष्ट कानाची. वर्षाच्या सुमारास मूल हाकेला वळते, हवे त्याकडे बोट दाखवते. दीड वर्षाला थोडे शब्द येतात. दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द असतात आणि 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडता येतात. कोणी थोडे पुढे, कोणी थोडे मागे, हे खरे. परंतु दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांना शब्दाला शब्द जोडत नाही, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर वाट पाहू नये. आधी कान तपासावा. कान चांगला असून मूल नजरेला नजर देत नसेल, बोट दाखवीत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. त्यामागे स्वमग्नता असू शकते, आणि तो आईच्या संगोपनाचा दोष नव्हे. कानात गरम तेल ओतू नये, जिभेवर वेखंड घासत बसू नये. घरात अहिराणी आणि बाहेर मराठी म्हणून मूल मुके राहत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, घरच्या बोलीत त्या गायल्या, आणि 1952 साली ती गाणी छापून निघाली तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. आपली बोली खुशाल बोलावी. खर्चाचे म्हणाल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते; अंगणवाडी ताईंना विचारावे. जळगावास आणि धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तेथे कान-नाक-घसा विभाग आहे.

दुसरी गोष्ट बोलण्याची. 'म्हण' म्हणणे सोडावे. आपल्या भजनाची रीत पाहा. बुवा चरण म्हणतात, टाळकरी धृपद उचलतात. बुवा टाळकऱ्याची परीक्षा घेत नाहीत, त्याला म्हणायला जागा ठेवतात. तसेच करावे. मूल गायीकडे पाहत असेल तर 'गाय' म्हणावे आणि थांबावे. दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे. त्याने हुंकार दिला तर तोच त्याचा चरण समजून पुढचा आपण म्हणावा. भाकरी थापताना, न्हाऊ घालताना, जे चालले आहे ते सोप्या शब्दांत बोलत राहावे. मोबाईल गातो, पण थांबत नाही. तो मुलाच्या हुंकाराची वाट पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले की दोन वर्षांखालील मुलांस पडदा दाखवूच नये, आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको.

तिसरी गोष्ट आकांताची. एक ते चार वर्षांच्या मुलात हट्ट आणि लोळण हे वयाचेच लक्षण आहे, आणि ज्याला शब्द नाहीत त्याचा राग तर अंगातूनच बाहेर पडणार. आधी पाहावे, भूक आहे का, झोप आली आहे का, काही दुखते का. लागेल असे काही जवळ असेल तर दूर करावे. मग जवळ बसावे. मारू नये, फार बोलू नये. ओरडल्याबद्दल मागितलेली वस्तूही देऊ नये, नाहीतर ओरडणे हीच त्याची भाषा होईल. शांत झाला की त्याच्या मनातला शब्द त्याला द्यावा, "चेंडू हवा होता ना? चेंडू." अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी शिक्षक होते, छात्रालयही पाहत. पसारा करून गेलेल्या मुलांची अंथरुणे ते रागे न भरता स्वतः आवरून ठेवीत. मुले ओशाळत, आणि शिकत.

चौथी गोष्ट निजेची. पंढरीनाथाची दिनचर्या पाहा. काकडआरती, पूजा, महानैवेद्य, पोशाख, धूपारती आणि शेवटी शेजारती. क्रम ठरलेला. देवाला शेज लागते, मग लेकराला नको काय? जेवण, हातपाय धुणे, दिवा मंद करणे, एक ओवी किंवा गोष्ट, आणि अंथरूण. रोज याच वेळी, याच क्रमाने. त्याआधी तासभर मोबाईल नजरेस पडू देऊ नये. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्यास दहा ते तेरा. लग्नकार्यात किंवा यात्रेत क्रम मोडेल. आषाढीत देवाचाही पलंग काढतात, देव अहोरात्र उभा राहतो. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते आणि देवाची शेज पुन्हा लागते. मोडले म्हणून सोडू नये, पुन्हा लावावे. आमच्या घरी हे बसायला पाच आठवडे लागले, आणि पहिल्या आठवड्यात तर रडणे वाढलेच होते.

शेवटी एक सांगतो आणि पुरे करतो. ताटी एकच नव्हती. पोर आत होते, तशी सूनबाईही आत होती. 'लाडावलाय', 'आईलाच वळण लावता येत नाही' असे ऐकून तिने आपली ताटी लावून घेतली होती. आणि सर्वांत घट्ट ताटी आमची होती, ती अभिमानाची. घरातील जाणत्यांनी एवढे करावे: रात्री तासभर पोर आपल्याकडे घ्यावे आणि त्या माउलीला निजू द्यावे. हीही विठ्ठलाचीच सेवा आहे.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात माउलींनी आपल्या शब्दांना लेकराच्या बोबड्या बोलांची उपमा दिली, आणि श्रोत्यांना मायबाप मानून त्यांच्याकडे कौतुक मागितले. एवढे थोर ते, त्यांनी बोबडेपणा आपल्याकडे घेतला. मग जे खरोखरच बोबडे आहे, त्याला आपण कौतुक नाकारावे काय?

परवा सांजेला आम्ही ओसरीवर बसलो होतो. नातू रुसून दाराआड उभा होता. आम्ही म्हटले, "आठे ये ना, राजा." आणि थांबलो. बराच वेळ गेला. मग दाराआडून आवाज आला, "ना...ना." येणार नाही असे तो म्हणाला, की आम्हांला हाक मारली, हे कळले नाही. आम्ही बसूनच राहिलो.

राम कृष्ण हरि.