न पेरलेलं खाताना

मृगाच्या आगेमागे अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. शेवळाचा कंद जमिनीत दडलेला असतो. पान यायच्या आधी त्याचा फुलोरा वर येतो आणि तो कोवळा असतानाच खुडतात. नुसता शिजवून खाल्ला तर घसा खाजतो. त्यावर उतारा म्हणून काकडाची आंबट फळं घालतात. कडूकंद तर चिरून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा काढल्याशिवाय तोंडात घालता येत नाही. ठाकूर-कातकऱ्यांचं हे ज्ञान आता शहरातली माणसंही शिकू पाहतात, आणि ते चांगलंच आहे. पण जंगलात तगून राहण्याची विद्या म्हणून ते शिकवताना एक प्रश्न हमखास गळतो: जे आपण पेरलं नाही, ते आपण कोणाचं खातो? माझ्या मते हा प्रश्न त्या विद्येला नंतर चिकटवलेला धर्म नाही, तो तिचाच भाग आहे.

वारली समाजात पावसाळ्यातली कोळीची भाजी देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत. आपल्याकडे भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं अन्न वर्ज्य असतं. नांगर न लागलेलं तेवढं चालतं. वर्षातून एक दिवस का होईना, शेतकरी समाजाने नांगरापूर्वीच्या अन्नाची आठवण जपली आहे. गीतेचा तिसरा अध्याय देवांनी दिलेलं त्यांना न देता भोगणाऱ्याला सरळ चोर म्हणतो. म्हणजे चोरी ठरते ती घेण्यावरून नव्हे, देणाऱ्याला विसरण्यावरून. १८७८च्या वन कायद्याने नेमकं उलटं केलं. राखीव जंगलातून परवानगीविना घेणं हाच गुन्हा झाला, आणि पिढ्यान् पिढ्या विचारून घेणारे चोर ठरले. गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००६ साल उजाडलं.

यावर कोणी म्हणेल, रानभाजी ही भुकेची सोय होती, तिला अध्यात्म कशाला चिकटवता? भूक खरी आहे, तिचं कौतुक करणं क्रूरपणाचं आहे. पण भुकेल्या माणसानेही पहिल्या भाजीसाठी थांबावं, ही रीत निव्वळ भुकेतून निघत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा संयम म्हणजे व्यवहारच, फुलोरा सगळा खुडला तर बी धरणार कुठून? मान्य. परंतु व्यवहार एवढंच सांगतो की माझ्या पुढच्या वर्षासाठी थोडं ठेव. ज्या टेकडीवर मी पुन्हा येणार नाही, तिथे तो मला अडवत नाही. तिथे अडवायला हे माझं नाही ही जाणीवच लागते. हौसेने एकदाच येणाऱ्या शहरी शिकाऊला तिची गरज सर्वांत जास्त.

अंबरनाथच्या मोरिवलीत तर हा प्रश्न उलटून आपल्यावरच येतो. इथे औद्योगिक वसाहत आहे आणि वालधुनी नदी रासायनिक सांडपाण्याने नासली आहे. तिच्या काठी शके ९८२ मध्ये, म्हणजे इ.स. १०६० मध्ये बांधलेलं शिवमंदिर उभं आहे. नाल्याकाठचा टाकळा आणि डोंगरावरचा टाकळा दिसायला सारखाच; कोणता खुडायचा नाही हे पानावरून कळत नाही. त्यासाठी वरच्या अंगाला पाण्यात काय सोडलं जातं हे माहीत असावं लागतं.