शून्य तिकिटाचा हिशेब

हवामानबदलावरचा कुठलाही सरकारी आराखडा उघडावा, एक वाक्य हमखास भेटते. पूर, दुष्काळ, उष्णतेची लाट यांची झळ महिला, मुले, वृद्ध आणि इतर दुर्बल घटकांना जास्त बसते, असे ते वाक्य. २००८च्या राष्ट्रीय कृती आराखड्यातही स्त्रियांवर होणाऱ्या जादा परिणामाची दखल आहे. वाक्य खोटे नाही. चीड येते ती त्याच्या जागेची. ते प्रस्तावनेत असते, आणि वाचता वाचता पैशांच्या तक्त्यापर्यंत यावे तर त्यातल्या महिला वाटेतच कुठेतरी उतरून गेलेल्या असतात. तक्त्यात उरतात सौर पॅनेल, विजेवरच्या बस, मेट्रो आणि पंप.

पाण्यासाठीची पायपीट, चुलीचा धूर, दुष्काळात आधी बाईच्या ताटातली कमी होणारी भाकरी, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. कागदांचीही वाण नाही. २०१४मध्ये लिमाच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी स्त्री-पुरुष समानतेचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. हरित हवामान निधीलाही असे स्वतःचे धोरण आहे. मात्र हाच प्रश्न परिषदेच्या सभागृहातून काढून बंगळुरूच्या मॅजेस्टिक बस स्थानकावर आणला, की तो दिसतो त्यापेक्षा बराच अवघड निघतो.

बंगळुरू महापालिकेने नोव्हेंबर २०२३मध्ये आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५०पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचे, हे त्याचे उद्दिष्ट. त्याच्या पाच महिने आधी, ११ जून २०२३ला, कर्नाटक सरकारने ‘शक्ती’ योजना सुरू केली होती. राज्यात राहणाऱ्या सर्व स्त्रियांना आणि तृतीयपंथीयांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास, शून्य रुपयांच्या तिकिटावर. ही काँग्रेसच्या पाच निवडणूक हमींपैकी एक. घोषणा बायकांसाठी होती, हवेसाठी नव्हती. आपल्याकडे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एसटीने महिलांना अर्धे तिकीट सुरू केले, तेव्हाही कार्बनचे नाव कोणी काढले नव्हते.

आकडे मोठे आहेत. १४ जुलै २०२५ला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी बसमध्ये चढून पाचशे कोटीवे तिकीट एका प्रवासी महिलेच्या हातात ठेवले. तोवर झालेल्या प्रवासांचे मूल्य साडेबारा हजार कोटी रुपयांच्या वर गेले होते. राज्यभरच्या स्त्रियांचा दोन वर्षांचा प्रवास एवढ्यात झाला. याच शहरात हेब्बाळ ते सिल्क बोर्ड असा सुमारे सतरा किलोमीटरचा, मोटारींसाठीचा भुयारी रस्ता योजला आहे. त्याचा अंदाजित खर्च सतरा हजार कोटींहून जास्त. भुयाराला ‘पायाभूत सुविधा’ म्हणतात, बसच्या तिकिटाला ‘रेवडी’.

मग सरळ निष्कर्ष असा, की शक्ती हीच खरी हवामान योजना आहे आणि हवामानाच्या नावाने येणाऱ्या पैशातून तिचा वाटा मागितला पाहिजे. लोकांना बसमध्ये आणणारी गोष्ट हिरवी नाही, तर मग हिरवे काय?

पण मुळात मोफत प्रवासालाच विरोध आहे, आणि त्यातला सर्वांत वजनदार पंतप्रधानांनी केला. मे २०२४मध्ये एका वृत्तवाहिनीला दिलेल्या मुलाखतीत नरेंद्र मोदी यांचा मुद्दा असा होता, की एका शहरात मेट्रो बांधायची आणि त्याच शहरात महिलांना बस फुकट करायची, तर मेट्रोचे निम्मे प्रवासी जातात आणि मेट्रो चालवणेच परवडत नाही. मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. मेट्रो कर्जावर उभी राहते. बंगळुरूच्या मेट्रोच्या गुलाबी मार्गासाठी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने २०१७मध्ये पन्नास कोटी युरोंचे कर्ज मंजूर केले. विमानतळाकडे जाणाऱ्या मार्गासाठी आशियाई विकास बँकेने २०२०मध्ये पन्नास कोटी डॉलरचे. कर्ज फेडायचे तर तिकीट विकले गेले पाहिजे.

पण मेट्रोच्या प्रवाशांना बसनेच पळवले म्हणावे, तर फेब्रुवारी २०२५कडे पाहावे लागते. तेव्हा मेट्रोने भाडे असे वाढवले, की काही टप्प्यांवर ते जवळजवळ दुप्पट झाले. ओरड झाल्यावर वाढीला ७१ टक्क्यांची मर्यादा घातली गेली, तरी सर्वांत लांबचे तिकीट साठ रुपयांवरून नव्वदवर गेले ते गेलेच. प्रवासी लगेच घटले. त्यात बसच्या शून्य तिकिटाचा काही हात नव्हता. शिवाय पोटापुरत्या पगारात रोज दोनदा मेट्रोचे भाडे भरणे ज्या बाईला मुळातच शक्य नव्हते, तिला ‘मेट्रोचा गेलेला प्रवासी’ म्हणणे म्हणजे दुकानात कधी न चढलेल्याला तुटलेले गिऱ्हाईक म्हणणे. पंतप्रधानांच्या युक्तिवादातला एक भाग मात्र उरतो. फुकट प्रवासाचा भार कुणावर तरी पडतोच. जानेवारी २०२५मध्ये कर्नाटकात बसभाडे पंधरा टक्क्यांनी वाढले. साध्या बसमध्ये स्त्रियांना भाडे नाही, म्हणजे तिथली वाढ पुरुष प्रवाशांच्या खिशातून गेली. त्यातले बरेच पुरुष त्या स्त्रियांच्याच घरचे.

इथवर शक्तीची बाजू सोपी वाटते. कार्बन मोजायला बसले की ती डगमगते.

हवामानाचा पैसा एका साध्या रीतीने हिशेब करतो. योजना नसती तर किती धूर निघाला असता, आणि योजनेमुळे किती निघाला. फरक ती बचत. आता शून्य तिकीट घेऊन बसमध्ये चढलेली बाई आधी काय करत होती? २०११च्या जनगणनेनुसार देशात कामाला पायी जाणाऱ्या स्त्रिया ४५.४ टक्के, तर पुरुष २७.४ टक्के. म्हणजे नव्याने बसमध्ये आलेल्या अनेकजणी काल चालत होत्या, किंवा घरातून बाहेर पडतच नव्हत्या. पायी चालणारीचा धूर शून्य. ती बसमध्ये चढली तर कार्बनच्या वहीत बचत तर नाहीच, उलट किंचित वाढ. याउलट स्कूटर सोडून बसकडे वळणारा पुरुष वहीला फार आवडतो, कारण त्याच्याकडे वाचवण्यासारखे काहीतरी आहे.

इथे एक फरक धरून ठेवावा लागतो: उत्सर्जन घटवणारा वेगळा आणि ज्याचे मुळातच कमी आहे तो वेगळा. हवामानाचा बाजार पहिल्याला पैसे देतो, दुसऱ्याला प्रस्तावनेतले वाक्य. आणि दुसऱ्या गटात स्त्रिया जास्त आहेत, हे काही त्यांच्या पर्यावरणप्रेमामुळे नव्हे. स्कूटर घरात असली तरी तिची किल्ली बहुधा पुरुषाच्या खिशात असते, हे त्याचे कारण.

बंगळुरूच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात, बागेपल्ली आहे. तिथल्या शेतमजूर आणि छोट्या शेतकऱ्यांच्या कुली संघाने साडेपाच हजार घरगुती गोबरगॅस संयंत्रांचा प्रकल्प २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ‘स्वच्छ विकास यंत्रणे’त नोंदवला. दोन घनमीटरचे एकेक संयंत्र, आणि त्याने वाचवलेला कार्बन श्रीमंत देशातल्या खरेदीदाराला विकायचा. गरिबांच्या चुलीपर्यंत हवामानाचा पैसा पोचल्याच्या देशातल्या सुरुवातीच्या उदाहरणांत हे मोडते. पण विकले काय गेले? न जळलेले लाकूड आणि रॉकेल. सरपणाच्या फेऱ्यांतून सुटलेला बाईचा वेळ, धुराविना गेलेली संध्याकाळ, घासावी न लागलेली काजळी यांना वहीत रकाना नव्हता. त्या गोष्टी प्रकल्पाची शोभा वाढवत, भाव वाढवत नसत.

बंगळुरूतले कचरावेचक दुसऱ्या बाजूने तीच कथा सांगतात. तिचे मूळ पुण्यात आहे. १९९३मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८मध्ये तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. सदस्यांत बहुसंख्य स्त्रिया, त्यातही दलित. पंचायतीच्या कामात घडलेल्या नलिनी शेखर पुढे बंगळुरूला आल्या आणि त्यांनी ‘हसिरु दळ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेतला. शहरातल्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रांपैकी कितीतरी आज कचरावेचकच चालवतात. २०१९मध्ये ‘द बॉडी शॉप’ या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने इथल्या कचरावेचकांनी गोळा केलेले प्लॅस्टिक विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. तोवर कित्येक दशके त्याच जमातीच्या बायका तेच काम पाठीवर पोते टाकून करत होत्या आणि त्यांना चोर समजून हाकलले जात होते. कार्बनच्या हिशेबाचा एक पक्का नियम आहे: जे तसेही झालेच असते, त्याला पैसे नाहीत. या नियमाने यंत्र बसवून कचरा वेगळा करणारी कंपनी नवी ठरते आणि वेचणारी बाई जुनी. कंपनीने उद्या तिला हटवून तेच प्लॅस्टिक गोळा केले, तरी कागदावर पर्यावरणाचे भलेच झालेले असेल.

मग वहीच सुधारावी का? तसा प्रयत्न झालेला आहे. स्वच्छ विकास यंत्रणेच्या कार्यकारी मंडळाने २०११मध्ये ‘दबलेल्या मागणी’चा विचार करण्याची मुभा दिली. गरिबाचे उत्सर्जन केवळ गरिबीमुळे कमी असेल, तर त्याला किमान सुखसोयी मिळाल्या असत्या तेव्हा किती झाले असते ते धरून तुलना करायची. कल्पना न्याय्य आहे. चालत जाणाऱ्या बाईला ‘जणू स्कूटरवर’ मानायचे आणि ती बसने गेली की बचत लिहायची. शक्तीला असा रकाना मिळाला तर पाचशे कोटी तिकिटांचे केवढे टन होतील!

नेमके इथेच थबकावे लागते. सुधारित चुलींच्या कार्बन प्रकल्पांचा अभ्यास करून ॲनेलिस गिल-वील, डॅनियल कॅमन आणि बार्बरा हाया यांनी २०२४मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त दाखवून दिले, की तपासलेल्या प्रकल्पांत खऱ्या बचतीच्या सरासरी ९.२ पट बचत मोजली गेली होती. कुठे नव्या चुलीचा वापर जास्त धरला होता, कुठे जंगलाची हानी. या फुगवट्याचा बाईला तोटा झाला असे कोणी म्हणेल का? तिला चूल मिळालीच. तोटा दुसरीकडे झाला. त्या टनांच्या जोरावर कुठल्यातरी कंपनीने आपला धूर चालू ठेवला, आणि तापलेली हवा फिरून त्याच बाईच्या पत्र्यावर आली. जे जळलेच नाही ते वाचल्याचे लिहून तिला न्याय द्यायचा, तर तो न्याय तिच्याच उन्हाळ्यातून वसूल होतो.

म्हणून सुरुवातीची मागणी मागे घ्यावी लागते. शक्तीला हवामान योजना म्हणवून घेऊ नये. तसे म्हटले की तिचे मोल टनांत होईल, आणि टनांत ती हरेल. मग एखादा चतुर सल्लागार सुचवेल, की फुकट पास चालणाऱ्या बाईपेक्षा स्कूटरवाल्या पुरुषाला देणे जास्त परिणामकारक आहे. त्याच्या वहीप्रमाणे तो बरोबरही असेल. बाईने शहरात हिंडावे, नोकरी शोधावी, माहेरी जावे, नुसतेच कब्बन पार्कात बसून यावे, याला धुराच्या बचतीचे कारण लागू नये. तो खर्च राज्याच्या तिजोरीतून, हक्क म्हणून व्हावा, तोट्याचा हिशेब उघड मांडून.

मग हवामानाच्या पैशाकडे मागायचे काय? बसच. तिकीट राज्याने द्यावे, गाडी हवामानाच्या पैशाने. आणि त्या गाडीचा निर्णय होतो तिथे स्त्रियांचा प्रश्न विचारावा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत बंगळुरूच्या वाट्याला विजेवरच्या ४,५०० बस आल्या आहेत. अशा बस बहुधा खासगी कंत्राटदार चालवतो आणि महामंडळ त्याला किलोमीटरमागे पैसे देते. चार्जिंगची सोय असलेला डेपो, रोजचे ठरलेले किलोमीटर आणि भरलेल्या गाड्या यांकडे पाहून मार्ग आखले गेले, तर सकाळी मोटारींच्या गर्दीतून कार्यालयांकडे धावणारे लांब सरळ रस्ते पुढे येतात. २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. या २८९ मिनिटांच्या फटीतून होणारा प्रवास आखूड, तुकड्यातुकड्यांचा आणि दुपारचा असतो: शाळा, रेशन, दवाखाना, दोन घरची धुणीभांडी.

एका बारीक निर्णयाकडे तर फारसे कोणी पाहत नाही. शक्ती वातानुकूलित बसला लागू नाही. शहरातली ‘वज्र’ ही वातानुकूलित गाडी विजेवर धावली तरी तिच्यात बाईला पूर्ण भाडे पडते. म्हणजे बस वातानुकूलित घ्यायची की साधी, ही खरेदी विभागातली एक ओळ समानतेच्या दहा परिच्छेदांहून जास्त ठरवून टाकते. कार्बनच्या दृष्टीने दोन्ही गाड्या हिरव्याच.

मार्ग कसे आखावेत याची सामग्री तयार आहे. कंडक्टरचे मशीन शून्य तिकिटावरही कुठून कुठे ते छापते. पूर्वीच्या तिकिटावर प्रवासी बाई आहे की बुवा हे कळत नसे; आता स्त्रियांच्या ये-जा करण्याची प्रचंड नोंद महामंडळांकडे साठली आहे. ती वाचून बस कुठे आणि केव्हा सोडायची हे ठरवावे, आणि पैसा देणाऱ्या बँकेने तशी अट घालावी, ही मागणी टनांच्या मागणीपेक्षा साधी आहे. अडचण एकच. आजच्या कागदी तिकिटावर नाव नसते, पण ओळखपत्राच्या जागी ‘शक्ती’चे स्मार्ट कार्ड आणण्याचे सरकारने योजनेच्या सुरुवातीलाच जाहीर केले होते. नाव नसलेल्या तिकिटातून शहराला बायकांचे रस्ते कळतात. नाव असलेल्या कार्डातून एका बाईचा रोजचा रस्ता कळतो. तो कोणी पाहायचा आणि किती दिवस जपायचा, याचे नियम कार्ड छापण्याआधी व्हायला हवेत.