नाल्याला पत्ता असतो

अमली पदार्थांसाठी होणाऱ्या सांडपाण्याच्या तपासणीवर आक्षेप घेतला की एक ठरलेलं उत्तर मिळतं. हजारो घरांचं पाणी एकत्र आलेलं असतं, त्यात कुणा एकाची ओळख उरत नाही, मग खासगीपणाचा प्रश्न येतोच कुठे? संशोधक असं म्हणाले तर समजू शकतं. पण नीतिशास्त्राची बाजू मांडणारेही एवढ्यावर समाधान मानतात, तेव्हा राग येतो. माणसाचं नाव पुसलं म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातलं २०१७ साल पाहावं.

या तंत्राच्या ताकदीबद्दल माझ्या मनात शंका नाही. मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतल्या एत्तोरे झुकातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली पो नदीचं पाणी तपासलं. घेतलेल्या कोकेनचं शरीरात बेन्झॉइलएक्गोनिन होतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. पाण्यातलं त्याचं प्रमाण आणि दिवसभरात वाहिलेलं पाणी यांचा गुणाकार केला, शरीरातून त्याचा किती वाटा बाहेर पडतो ते धरलं, की खपाचा अंदाज येतो. पो नदीत रोज सुमारे ४ किलो कोकेनइतका ऐवज उतरत होता. सरकारी अंदाज याच्या जवळपासही नव्हते.

मात्र हा आकडा वजनाचा आहे, माणसांचा नाही. थोड्यांनी भरपूर घेतलं की पुष्कळांनी थोडं, हे पाणी सांगत नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या सांडपाण्यात अॅम्फेटामिनचं प्रमाण अफाट आढळलं, त्याचं एक कारण म्हणजे बेकायदा कारखान्यांचा माल आणि कचरा थेट गटारात ओतला जात होता. अशा आकड्यावरून तिथल्या रहिवाशांबद्दल मत बनवणं अन्यायाचं ठरलं असतं.

ऑस्ट्रेलियात २०१६ पासून देशभरातलं सांडपाणी अमली पदार्थांसाठी तपासलं जातं. अहवालात ठिकाणांची नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. ही काळजी योग्यच. पण मे २०१७ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान टर्नबुल यांच्या सरकारने नवा बेत जाहीर केला: नव्याने बेरोजगार भत्ता मागणाऱ्या ५,००० जणांची अमली पदार्थांची चाचणी. पहिल्याच चाचणीत अमली पदार्थ आढळला तर भत्त्याचा ८० टक्के भाग रोख न देता सरकारी नियंत्रणाखाली ठेवायचा. ही चाचणी कुठे घ्यायची, हे ठरवताना सांडपाण्याची माहितीही विचारात घेऊ, असं सांगण्यात आलं. पुढे लोगन, कँटरबरी-बँक्सटाउन आणि मँडुरा ही तीन ठिकाणं निवडली गेली. भत्ता मागायला आलेल्या तरुणावर संशय घ्यायला कारण काय, तर त्याचा पत्ता. त्याच परिसरात पगारदार माणसंही राहतात, त्यांचंही पाणी त्याच गटारातून जातं, पण चाचणी फक्त भत्तेवाल्याची. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, विधेयक संसदेत पुन्हा पुन्हा आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तरी वाट कुठून फुटते ते दिसलं. व्यक्ती अनाम राहिली आणि परिसर संशयित ठरला.

मग ठिकाणाचं नाव कायमचं झाकावं का? इथवर आल्यावर तसंच वाटतं. पण मुंबईत पोलिओच्या विषाणूसाठी सांडपाण्याचे नमुने २००१ पासून घेतले जात आहेत, आणि तिथे ठिकाण झाकलं असतं तर सगळा उद्योग फुकट गेला असता. विषाणू कुठल्या नाल्यात सापडला हे कळलं, तरच लशीचे थेंब कुठल्या दारांवर न्यायचे ते कळतं. इस्राएलमध्ये २०१३ साली रहात या बेदुइन अरबांच्या शहराच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. एकही मूल लुळं पडलं नव्हतं. डोस आधी दक्षिणेत सुरू झाले आणि मग देशभरातल्या मुलांना दिले गेले. रहातची मुलं वेगळी काढली गेली नाहीत. म्हणजे प्रश्न नाव उघड होण्याचा नाही, त्या नावामागोमाग दारात कोण येतं याचा आहे. लस घेऊन आरोग्यसेविका येणार की तपासाला पोलीस, हे नमुना घेण्याआधीच कायद्याने ठरलेलं असायला हवं. आपल्याकडे तसा कायदा नाही.

आणि आपल्या शहरांत धोका जास्त आहे. मोठ्या गृहसंकुलांचं सांडपाणी अनेकदा त्यांच्याच आवारातल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात (एसटीपी) शुद्ध होतं. तिथे शिरायला सोसायटीची परवानगी लागेल. झोपडपट्टीतून वाहणारा नाला उघडा असतो, बादली टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. उद्या मुंबई-पुण्यात अमली पदार्थांसाठी नमुने घ्यायचं ठरलं, तर सगळ्यात सोपा नमुना सगळ्यात गरिबाचा असेल आणि नकाशावर तीच वस्ती लाल दिसेल. म्हणून महापालिकांनी हे काम हाती घेतलंच तर एसटीपीवाल्या संकुलांचे नमुनेही त्याच फेरीत घ्यावेत, ठिकाणवार निकाल फक्त आरोग्य विभागाकडे आणि व्यसनमुक्ती केंद्रांकडे जावेत, आणि त्यांच्या आधारे कुणाची झडती घेता येणार नाही की कुणाचा शिधा वा भत्ता रोखता येणार नाही, हे पहिली बादली नाल्यात पडण्याआधी राजपत्रात छापून यावं.