मधमाशीचा त्याग आणि आपली प्रीती



सातपुड्यातील आग्या मोहोळ आपल्या परिचयाचे आहे. पोळ्यावर संकट आले की कामकरी माशी डंख मारते व स्वतः मरते. हा त्याग तिला कोणी शिकवला? ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये उत्तर दिले: ती मरते, पण आई व बहिणी वाचतात आणि त्यांच्यातील समान जनुके पुढच्या पिढीत जातात.

मग आईची माया, भावासाठी सोसलेले कष्ट हेही जनुकांचेच काम का? या प्रश्नाला आपण भिऊ नये. आनुवंशिकतेचे नियम १८६६ मध्ये प्रसिद्ध करणारे मेंडेल आपल्याच ख्रिस्तसभेचे धर्मगुरू होते. ते मधमाश्याही पाळत. रक्ताची ओढ निसर्गातून आली असेल, तर निसर्ग परमेश्वराचाच आहे.

परंतु पेटीतील मधमाश्यांचे पहारेकरी परकी माशी वासावरून ओळखून हाकलतात. त्यांना निवड नाही, म्हणून पाप नाही आणि पुण्यही नाही. आपल्याला निवड आहे. दयाळू शोमरोन्याने उचललेला जखमी त्याच्या रक्ताचा नव्हता. आपल्या केळीच्या बागेत घड वाहणारा परगावचा मजूर तापाने फणफणला, तर आपण काय करतो?

घरच्यांवरील प्रीती आपल्याला जन्मतः मिळते. परक्यावरील प्रीती मात्र प्रार्थनेत मागावी लागते आणि रोज निवडावी लागते.