तुरुंगात जाणाऱ्याने काय शिकून जावे

धारगळ मागे टाकून कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका संपतो आणि बार्देश लागतो. त्या कोलवाळ गावातच गोव्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. 2015 मध्ये आग्वाद किल्ल्यातले कैदी इथे हलवले गेले. आग्वादच्या कोठड्यांचे आता संग्रहालय झाले असून 19 डिसेंबर 2021 रोजी त्याचे उद्घाटनही झाले. पर्यटक तिथे सेल्फी काढतात. कोलवाळला जातात ते मुलाकतीला आलेले नातेवाईक, वकील आणि कधीमधी धर्माच्या नावाने येणारी माणसे. त्यात कुणी पाद्री असतो, कुणी सिस्टर, कुणी ध्यान शिकवणारा. या तिसऱ्या गटाला काही शिक्षण लागते का, आणि लागत असेल तर कसले, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. गोव्यात तो नवा नाही.

फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला आणि इस्पितळात राहू लागला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या पत्रात त्याने आपली दिनचर्या कळवली आहे. इस्पितळातल्या आजाऱ्यांनंतर तो कैद्यांकडे जाई आणि सबंध आयुष्याचे पापनिवेदन कसे करायचे हे त्यांना शिकवी. म्हणजे शिकायचे कैद्याने, आणि येणारा सगळे शिकूनच आलेला. मिझेरिकॉर्दिया या बंधुसंघाचे काम यापेक्षा अधिक जमिनीवरचे होते. गरीब कैद्याला अन्न पोचवायचे, फाशी जाणाऱ्याबरोबर चालायचे. पण प्रश्न मरणाच्या तयारीचाच होता. सुटून घरी जाणारा माणूस त्या चित्रात फारसा दिसत नाही.

1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि भेटायला येणारा धर्म कुलूप लावणाराही झाला. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य 1674 ते 1676 या काळात गोव्यात इन्क्विझिशनच्या कैदेत होता. सुटल्यावर त्याने लिहिलेले पुस्तक 1687 मध्ये छापले गेले. सक्तीचे मौन, महिनोन्महिने एकांत आणि त्या एकांतात स्वतःला संपवण्याचे प्रयत्न, हे सगळे त्यात आहे. त्याला ज्यांनी कोंडले ती माणसे धर्मशास्त्र कोळून प्यायलेली होती. त्यामुळे शिक्षण वाढवले की करुणा वाढते, असे निदान गोवेकराने तरी सहज म्हणू नये. कैद्याने काय कबूल केले यावर ज्याचा कागद ठरतो, त्याच्यापुढे कैदी मोकळे बोलणार नाही. हा धडा इथे फार महाग पडला, तरी तो कुठल्या अभ्यासक्रमात गेला असे वाटत नाही.

अभ्यासक्रम बदलला तो दूर अमेरिकेत, तोही तुरुंगात नव्हे, वेड्यांच्या इस्पितळात. अँटन बॉयसन हा धर्मोपदेशक स्वतः मानसिक आजाराने इस्पितळात राहून आला होता. 1925 च्या उन्हाळ्यात त्याने वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे विद्यार्थी आणले. ग्रंथ वाचता तशी ही माणसे वाचा, असे त्याचे म्हणणे होते. विद्यार्थ्याने रुग्णाशी बोलायचे, झालेले बोलणे जसेच्या तसे लिहून आणायचे आणि जाणत्यासमोर ठेवायचे, ही पद्धत त्याच धारेत पुढे रुजली. आपण समोरच्याचे वाक्य कुठे तोडले, कुठे घाईने देव मध्ये आणला, हे त्या कागदावर उघडे पडते. प्रवचनकाराला ऐकायला शिकवण्याचा याहून कठोर उपाय मला माहीत नाही.

मुंबईतही जवळपास त्याच सुमारास असे काही घडत होते. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवले आणि त्या अनुभवातून 1936 मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था उभी राहिली. तीच आजची टिस. ‘प्रयास’ हा तिचा प्रकल्प 1990 पासून पोलीस ठाणी आणि तुरुंगांमध्ये प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पाठवतो. पाद्र्याने सुरू केलेल्या संस्थेतून पाद्र्याविना चालणारी तुरुंगसेवा निघाली, याची मला गंमत वाटते. जामीनदार मिळत नाही, घरी फोन लागत नाही, मुलाचे शाळेचे नाव कापले गेले, ही कामे हे लोक करतात. जुना मिझेरिकॉर्दियावाला त्यांना बहुधा लगेच ओळखेल.

चर्चमध्येही हालचाल खालून झाली. 1981 मध्ये केरळमधल्या दोन सेमिनरी विद्यार्थ्यांनी ‘प्रिझन मिनिस्ट्री’ सुरू केली. आज तिचे स्वयंसेवक गोव्यातही आहेत. विद्यार्थी आधी तुरुंगात गेले आणि अभ्यासक्रम नंतर आला, हा क्रम मला योग्य वाटतो.

आणखी एक पायरी मात्र आपल्याच भाषेत, प्रिझन मिनिस्ट्रीच्या कितीतरी आधी गाठली गेली होती. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले, आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. आपण त्याकडे ग्रंथ म्हणून पाहतो. पण बोलणारा कैदी, लिहिणारा कैदी, ऐकणारेही कैदी. बाहेरून कुणी उपदेशाला आलेच नव्हते. पुढे 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या एका धर्मविद्यालयाने सिंगसिंग तुरुंगातल्या कैद्यांसाठीच पदव्युत्तर वर्ग काढला. तिथे शिकलेले कैदी बराकीत सोबत्यांच्या मदतीला बसतात. 1995 मध्ये लुइझियानातल्या अँगोला तुरुंगातही असेच झाले. जन्मठेपेच्या कैद्याला बाहेरच्या पाद्र्याआधी त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस कळतो, हे धुळ्याच्या रविवारांनी आधीच दाखवले होते. अर्थात विनोबांचे श्रोते राजबंदी होते, आणि हा फरक झाकता येत नाही. राजबंद्याला आपण का आत आहोत हे पक्के ठाऊक असते.

कोलवाळसारख्या तुरुंगात ते सगळ्यांना ठाऊक नसते. देशातल्या तुरुंगांच्या 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार 5,73,220 बंदिवानांपैकी 4,34,302, म्हणजे 75.8 टक्के, न्यायबंदी होते. या कच्च्या कैद्यांवरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. मग पश्चात्तापावर घडवलेल्या धर्मसेवकाने तिथे काय करावे? निर्दोष असू शकणाऱ्या माणसाला पश्चात्तापाचे आवाहन करणे म्हणजे न्यायाधीशाच्या आधी निकाल देणे. माझ्या मते अशा सेवकाला शास्त्राइतकीच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 पाठ हवे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडण्याची वाट ते दाखवते. फाशी-जन्मठेपेचे आरोप त्यातून वगळलेले आहेत. ही वाट दाखवणे हेही धर्मकार्यच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांत धर्मगुरूची भेट हा कैद्याचा हक्क आहे, आणि ती नाकारणे हाही. प्रशिक्षणाचा पहिला दिवस या दुसऱ्या हक्कासाठी ठेवावा. आत सतत हो म्हणावे लागणाऱ्या माणसाला एका ठिकाणी तरी बेधडक नको म्हणता आले पाहिजे.

घरी परतण्याचे शिक्षण मात्र कोणाच्याच यादीत नीट नाही. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे 1969 मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटून आले, तेव्हा देश त्यांची वाट पाहत होता. पेडण्याला असे स्वागत समजते. पत्रादेवीला 15 ऑगस्ट 1955 रोजी गोळ्या खाल्लेल्या सत्याग्रहींना ते विसरलेले नाही. पण चोरी, मारहाण किंवा अंमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून परतणाऱ्याला हार मिळत नाही. 2014 मध्ये आत गेलेल्याला बाहेर आल्यावर मोपा ओळखू येणार नाही, कारण जानेवारी 2023 पासून तिथून विमाने उडतात. मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावरचे कामधंदे बदललेले आहेत. त्याला काम हवे, कागद हवेत आणि वाड्यात उभे राहायला जागा हवी. तुरुंगाचा पाद्री नदीपलीकडे थांबतो. अलीकडे चर्च असेल तर असेल, पण पेडण्यात बहुतेक वाड्यांची गाठ देवळाशी आणि भजनी मंडळाशी बांधलेली आहे. म्हणून पुढचे प्रशिक्षण मी सेमिनरीकडे मागत नाही, देवस्थानच्या समितीकडे आणि पखवाज वाजवणाऱ्यांकडे मागतो.

परतलेल्याला सप्ताहात भजनाची पाळी द्यायची का, हा प्रश्न प्रत्येक गावाला कधी ना कधी येतो. त्याचे उत्तर कुजबुजीत ठरते आणि त्या माणसाला ते कुणी सांगत नाही. शिकायचे ते इथे. आणि अडचण अशी की ज्याच्या घराला झळ लागली ते कुटुंबही बहुतेकदा त्याच वाड्यात राहते. मंडळातल्या कुणीतरी आधी त्या घरी जावे, असे मला वाटते. नुसते कळवायला नव्हे, विचारायला. त्यांनी नाही म्हटले तर भांडू नये आणि समजूतही घालू नये. परतलेल्याला तो नकार तोंडावर सांगावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला जावे.