वजन उतरले, कातडी राहिली



कुणी साठ-सत्तर किलो वजन कमी केले, तर आपण त्याचे कौतुक करतो. पण वर्षानुवर्षे ताणलेली कातडी वजनाबरोबर आवळत नाही. पोट, दंड, मांड्या येथे ती घड्या पडून लोंबते. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्या घड्यांत घाम साचतो, चट्टे उठतात, जखमा होतात. व्यायामाने ती जात नाही. शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. अशी शस्त्रक्रिया करून घेणे पाप आहे का, हे देहाचे चोचले तर नव्हेत, असे आम्हांला विचारले जाते, आणि विचारणाऱ्याची मान खाली असते. म्हणून आज त्यावर थोडा विचार करू.

हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, आपल्या मृत्यूच्या पाच दिवस आधी, पोप पायस बारावे इटलीतील प्लास्टिक सर्जनांशी या विषयावर बोलले. शरीराचे सौंदर्य ही चांगली गोष्ट आहे, मात्र ती सर्वांत वरची नव्हे, असे त्यांनी मांडले. हेतू योग्य असावा, प्रकृतीला मोठा धोका नसावा आणि कारण तेवढेच सबळ असावे, या अटी पाळल्या तर शस्त्रक्रियेत गैर काही नाही. दुसऱ्याला मोहात पाडण्यासाठी किंवा गुन्हेगाराला लपवण्यासाठी ती केली, तर मात्र गैर.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या बसलेल्या नाकांवर व वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. औषधाने रोग बरा होई, पण चेहऱ्यावरची खूण त्या माणसाला घरी परतू देत नसे. ती खूण पुसण्याला कुणी चोचले म्हणेल का? वजन गेल्यावर उरलेली कातडी ही अशीच मागे राहिलेली खूण आहे.

कुणी म्हणेल, कुष्ठरोग नशिबी येतो, लठ्ठपणा खाऊन येतो. हे पूर्ण खरे नाही. आनुवंशिकता, ग्रंथींचे विकार, काही औषधे यांमुळेही वजन वाढते. आणि समजा चूक त्याचीच होती, तरी लूकच्या शुभवर्तमानातील अठरा वर्षे वाकलेली बाई आठवा. तिच्या जिवाला धोका होता असे तेथे म्हटलेले नाही. प्रभू येशूने तिला दोष कोणाचा हे विचारले नाही, उद्या ये असेही सांगितले नाही. तिला ताठ उभे केले.

तरीही घाई नको. वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच ही शस्त्रक्रिया करतात. ती मोठी असते. रक्ताची गुठळी होणे, जखम न भरणे हे धोके असतात, आणि मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांना ते अधिक. पोटावरची कातडी काढली तर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत व्रण कायमचा राहतो. केवळ रूपासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा देत नाही. प्रकृतीला धोका आहे, असे डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते. जयगडहून रत्नागिरी आणि पुढे कोल्हापूर किंवा मुंबईच्या खेपा वेगळ्याच. मुलांची फी थकवून किंवा होडी गहाण टाकून हे करणे योग्य नव्हे.

निर्णय घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: यानंतर मी माझे शरीर विसरून कामाला, घराला, प्रार्थनेला लागेन, की आरशापुढे आणखी एक दोष शोधीत बसेन? उत्तर पहिले असेल, तर निर्धास्त मनाने डॉक्टरांकडे जावे. दुसरे असेल, तर थांबावे. ती जखम सुरीने बरी होत नाही. आणि जो शस्त्रक्रिया करणार नाही, त्याचीही किंमत देवापुढे तिळभर कमी नाही.

राहिले आपण बाकीचे. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर “बारीक झालीस, पण म्हातारी दिसतेस” असे हसत बोलणारे आपणच असतो. अशा बोलण्यापायी एखादी बहीण ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन पडली, तर तिच्या हेतूची चौकशी करण्याआधी आपल्या जिभेची करावी.

प्रभू आपणां सर्वांस सुबुद्धी व शांती देवो.

— आपले धर्मगुरू